एका हाताची म्हस

"कुनी भरवलं तुला?"

"कोन भरवील? माझं मीच जेवलो की."

"आनि केलतं कुनी?"

"उन्मेषनं. पिठलं."

"करपलं आसंल."

"वाईच करपलतं."

"तर!" तानूबाईच्या तोंडावर जरा तरतरी आली. गोठ्यातल्या कोनाड्यात मोबाईल उभा करून ती म्हशीखाली बसली होती. चरवीत धार वाजत होती आणि तिच्या वर पोराचा आवाज. "मंग तुझी रूपालीताई काय करत हुती? पिठलं करपोस्तवर बसलीती व्हय मोबाईल बघत?"

"ताई म्हंती, करपलं तर करपल्यालं खायाचं. म्हंजी फुडल्या बारीला ध्येनात ऱ्हातंय."

"म्हंती तर. तिचं काय जातंय म्हनाय."

"आये, ठेवतो. भांडी माझ्याकडं हाईत आज."

आणि फोन बंद झाला. पिठलं करपल्याचं सुख तेवढ्यात विरून गेलं. बाळासो फोन ठेवतो म्हणाला, हे तिला झोंबलं. गेल्या दिवाळीपर्यंत ह्या पोराला फोन कानाला कुठल्या बाजूनं लावायचा हे कळत नव्हतं, आणि आता तो आईला सांगतो, ठेवतो. भांडी हाईत. घरात असताना कधी पाण्याचा तांब्या उचलून जागेवर ठेवला नव्हता त्यानं. ठेवू दिला नव्हता म्हणा.

कागलच्या पल्याड, हमरस्त्यापासून जरा आत, बौद्धवाड्याच्या कडेला तानूबाईचं घर. दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्यात एक म्हस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव चांदी. नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला होता, तो बाळासो लहान असतानाच गेला. बाळासो उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलं की हाताचं-पायाचं काही नाही, बुद्धीची वाढ हळू आहे, शिकवत राहा, शिकेल. गावानं एवढं लांब काही सांगितलं नाही. गाव म्हणालं, खुळं हाय. तानूबाईनं डॉक्टरचंही ऐकलं नाही आणि गावाचंही नाही. तिनं पोराला कडेवरून खाली उतरवलं आणि मांडीवर घेतलं, मांडीवरून उतरवलं आणि पाटावर बसवलं, आणि त्या पाटावर बसवून मिशा फुटल्यावरसुद्धा घास भरवत राहिली. पोरगं पस्तिशीला टेकलं तरी भाकरी आईनं मोडायची, आमटीत कुस्करायची आणि आईनंच तोंडात द्यायची. दुसऱ्या कुणी दिली तर तोंड मिटून घ्यायचं.

म्हशीचंही तेच.

जनावरं पाळणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. म्हस दोन हातांची करावी. आज सासूनं धार काढावी, उद्या सुनंनं. म्हणजे एक हात आजारी पडला, परगावी गेला, मेला, तरी म्हस पान्हा सोडते. एकाच हाताची सवय लावली की ती दुसऱ्याला कासेला शिवू देत नाही, दूध वर ओढून धरते नाहीतर लाथ घालते. तानूबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या सासऱ्यानं दहादा सांगितलं होतं. पण लग्नाकार्याला गेल्यावर संध्याकाळ व्हायला लागली की पदर खोचून "चला बाई, माझ्याबिगार माझी चांदी पान्हावत न्हाई" असं चारचौघींत म्हणण्यात जे सुख होतं, ते तिला सोडवत नव्हतं. घरी दोन जीव, आणि दोघंही तिच्या हाताची वाट बघत बसलेले. बाईला आणखी काय पाहिजे?

मग गेल्या पावसाळ्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताची पिशवी काढावी लागली. आठवडाभर दवाखान्यात. शेजारची सून मोना धार काढायला गेली आणि लाथ खाऊन आली. पुतण्या प्रसेनजीत बाळासोला भरवायला बसला, त्याच्या हाताला बाळासो चावला. तानूबाई घरी आली तेव्हा म्हशीचं दूध निम्म्यावर आलं होतं आणि पोरगं वाळलं होतं.

"काकी," प्रसेनजीत म्हणाला. तो कागलात गॅरेज चालवतो, बोलणंही नट आवळायच्या पान्यासारखं. "ह्या टायमाला आलीस परत. एक दिस येनार न्हाईस. तवा काय करायचं ह्येचं?"

"तू हाईस की."

"मला चावतंय त्ये."

त्यानंच शोधून काढलं. राजारामपुरीत एका संस्थेचा फ्लॅट होता. खाली कोचिंग क्लास, वर हा फ्लॅट. त्यात बाळासोसारख्या तीन मोठ्या माणसांची सोय. आश्रम नव्हे, दवाखाना नव्हे. घर. स्वयंपाक त्यांनीच पाळीपाळीनं करायचा, कपडे त्यांनीच धुवायचे, बाजार त्यांनीच आणायचा. शिकवायला एक पोरगी येणार, शिकून झालं की तिनं येणं कमी करत जायचं. तानूबाई हो म्हणाली, कारण पोटावरचे टाके ओले होते आणि पोराच्या बरगड्या दिसत होत्या. मनात म्हणाली, चार दिवसात रडत येतंय माघारी.

ते आलं नाही.

दिवाळीनंतर ती पहिल्यांदा बघायला गेली. चांदीच्या दोन धारांच्या मध्ये जेवढा वेळ सापडला तेवढाच घेऊन. सोबत भाकऱ्यांचं गाठोडं, मिरचीचा खरडा, तिळाची चटणी. जिना चढून बेल वाजवली. दार बोटभर उघडलं, साखळी तशीच. फटीतून एक डोळा दिसला.

"कोन पायजे?"

"तुझी आई हाय मुडद्या, दुसरं कोन पायजे?"

"थांब. साखळी काडतो."

आधी बघायचं, विचारायचं, मग उघडायचं, हा त्या घराचा नियम. पण पोटच्या पोरानं आईला उंबऱ्याबाहेर उभं करून 'कोन पायजे' म्हणावं, ह्याचा नियम कुठला? तानूबाई आत गेली ती तोंड वाकडं करूनच. बाळासोच्या गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली किल्ली होती. त्यानं ती वर उचलून दाखवली. "माझी. उन्मेषची येगळी हाय."

उन्मेष म्हणजे सोबत राहणारा. शहरातलं शिकल्या घरातलं पोरगं, वडील प्राध्यापक. जाडजूड, हसरं, एक वाक्य तीनदा बोलणारं. तिसरा भिडू त्या दिवशी त्याच्या बहिणीकडं गेला होता. आणि खिडकीजवळ रूपाली बसली होती. तिशीच्या आतली, वारणानगरच्या कामगार कॉलनीत वाढलेली, केस वर बांधलेले. तिनं उठून पाणी दिलं नाही. बाळासोला म्हणाली, "पाव्हणं आलं की आधी काय?"

"पानी," बाळासो म्हणाला आणि आणायला गेला.

तानूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. रंग, साडी नाही ड्रेस, कपाळ मोकळं. खोट काढायला जागा शोधत होती. बाळासो पाणी घेऊन आला तेव्हा तिला खोट सापडली. त्याच्या गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

"ह्ये काय?"

"दाढी क्येली. माझी मी."

आपल्या पोराच्या गालावरचं रक्त बघून आईला वाईट वाटायला पाहिजे. तानूबाईला वाटलं, बरं झालं. गावात ती न्हाव्याला घरी बोलवायची आणि पोराचं डोकं स्वतः धरून बसायची, कधी ओरखडा उठला नव्हता. "बगा की बाई तुमचं शिकवनं," ती रूपालीला म्हणाली. "लेकराचं थोबाड सोलून काडलंय."

"पैल्यांदा सगळ्यांचंच सोलतंय, मावशी. तुमच्या पुतण्याला इचारा," रूपाली म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

बाळासोनं चहा केला. गॅस पेटवताना "ताई, बघू काय?" असं त्यानं विचारलं, आणि रूपाली नुसतं "हं" म्हणाली, मान वर न करता. तानूबाईच्या अंगाची आग झाली. पोरानं एवढं विचारावं आणि हिनं बघूही नये. मी गू-मूत काढलं, रात्री जागवल्या, लोकांच्या पोरांनी दगड मारले तेव्हा पाठ मधे घातली. आणि ही काल आली, खिडकीत बसली, नि ताई झाली.

चहा गोडमिट्ट होता. तिनं तो निम्मा ठेवला. मग गाठोडं सोडलं, भाकरी मोडली, खरडा लावला आणि सवयीनं घास पुढं केला. बाळासोचं तोंडही सवयीनं उघडलं. तेवढ्यात रूपालीचा आवाज आला, "मावशी, तेवढं पाच मिनिटं हात मांडीखाली घेऊन बसा की."

"का? माझ्या हाताला किडं पडल्यात?"

बाळासोनं एकदा उन्मेषकडं बघितलं. उन्मेष टक लावून बघत होता. बाळासोचे कान लाल झाले. त्यानं तोंड मिटलं, आईच्या हातातला घास आपल्या हातात घेतला आणि आपल्या हातानं खाल्ला.

तानूबाई घरी कशी आली तिचं तिला कळलं नाही. त्या संध्याकाळी चांदीनं दूध कमी दिलं. म्हशीला मालकिणीचं मन कळतं.

त्यानंतर सहा महिने तानूबाईनं एक धंदाच केला. फोनवरून चुका गोळा करायच्या. भात कच्चा राहिला, तिला बरं वाटायचं. बाळासो बाजारातून कोथिंबिरीऐवजी मेथी घेऊन आला, तिनं ते मोनाला हसत हसत सांगितलं. आणि ज्या दिवशी सगळं नीट झालं, त्या दिवशी तिला जेवण जात नव्हतं. प्रत्येक वाक्यात 'ताई म्हंती' आलं की ती ओठ चावायची. मोना एकदा म्हणाली, "आत्या, सवत आल्यागत करालाईसा की."

"सवत परवडली," तानूबाई म्हणाली. "तिला झिंज्या धरून हाकलता तरी येतंय."

एप्रिल आला. जयंतीला बाळासो गावी येणार हे ठरलेलंच होतं, आणि तानूबाईनं मनात आणखी एक ठरवलं होतं. आलं की ठेवून घ्यायचं. प्रसेनजीत मोटरसायकलवरून त्याला घेऊन आला. मिरवणुकीत बाळासो निळा फेटा बांधून नाचला, आणि गावातली चार माणसं म्हणालीसुद्धा, तानूबाई, पोरगं सुधारलं की. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी आणून त्याला पाटावर बसवलं आणि भरवलं. इथं उन्मेष नव्हता. पोरगं थकलेलं होतं, त्यानं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी तो ऊन अंगावर येईपर्यंत झोपला. तिनं उठवलं नाही. आंघोळही तिनंच घातली, पाठ घासली, केस पुसले. तिसऱ्या दिवशी त्यानं बसल्या जागेवरून पाणी मागितलं. ती हरखून गेली. सहा महिन्यांचं शिकवणं तीन दिवसात पुसलं. "आता जात न्हाई त्यो," ती मोनाला म्हणाली. "रगताला रगात वळाकतंय, बाई."

आंघोळ घालताना गळ्यातली किल्ली तिनं काढून ठेवली होती. बाळासो कपडे घालायला आत गेला तशी ती गोठ्यात गेली, आंबोणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि भुशात कोपरभर हात घालून किल्ली आत सोडली. आंबोण म्हणजे धारेच्या वेळी म्हशीपुढं ठेवायचं खाणं, भुसा नि सरकीची पेंड भिजवून. त्या डब्याला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नसे. घरातली सगळ्यात भरवशाची तिजोरी ती. धारेला बसायच्या आधी काढून फडताळात टाकू, असा तिचा हिशेब.

त्याच दुपारी परत जायचं होतं. तिनं प्रसेनजीतला फोन करून सांगितलं, "बाळ्याला बरं न्हाई. येऊ नको न्याला." आणि निवांत झाली.

दुपार कलायला लागली तसा बाळासो उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभा राहिला. बराच वेळ बोट फिरवत होता.

"आये, आज भात माझ्याकडं हाय."

"कुटला भात?"

"रात्रीचा. माझी पाळी. उन्मेष भाजी करनार, मी भात." त्याचा हात गळ्याशी गेला. "किल्ली?"

"पडली आसंल मिरवनुकीत. ऱ्हाऊ दे. आपल्या दाराला कवा कुलूप लावलंय आपन?"

त्यानं अंथरूण झाडलं. मोरी बघितली. पिशवी उलटी केली. तानूबाई दाराला टेकून वाट बघत होती. असं काही हरवलं की तो डोकं भिंतीवर आपटायचा, मग ती त्याला कवळ्यात घ्यायची, आणि मग सगळं विसरून तो झोपायचा. आता आपटेल, मग आपटेल. त्यानं आपटलं नाही. फोन घेतला.

"उन्मेष? बाळासो बोलतोय. किल्ली गावना झालीया. मी आलो की दार तू उघड. व्हय. भात मीच करनार. तू हात लावू नको." मग दुसरा फोन, प्रसेनजीतला. "परसूदादा? ये मला न्याला. मला बरं हाय."

तानूबाईच्या डोक्यात सणक गेली. हे सगळं त्या रूपालीचं. तिनं पढवून पाठवलेलं. ती मोबाईल घेऊन घराच्या मागं शेवग्याखाली गेली आणि रूपालीला फोन लावला.

"काय ग ये, काय भरवून ठेवलईस माझ्या पोराच्या डोस्क्यात? आईच्या घरात चार दिस ऱ्हाऊ देशील का न्हाई? भात तुला खायाचा आसंल तर तू शिजीव की."

रूपाली म्हणाली, "कसला भात, मावशी? मी राजारामपुरीत न्हाई. जयंतीच्या आधीपासनं वारणानगरला हाय. वडलांचा पाय मोडलाय."

"मंग पोरांकडं कोन हाय?"

"कोन न्हाई. दुसऱ्या बाई येऊन डोकावून जात्यात. पोरं त्यांची त्यांची हाईत. आनि सांगते तुम्हाला, इतक्या दिवसात एकानं मला फोन केला न्हाई. बाळासोनंबी न्हाई. गॅस बघू काय म्हणून सारखं इचारायचा. आता काय नडतच न्हाई त्याला."

ती हसली, पण ते हसू शेवटी चिरकलं. तानूबाईनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. ही चीर तिच्या ओळखीची होती. सहा महिने तिच्याच गळ्यात होती ती.

"वडलास्नी बगा," एवढंच म्हणून तिनं फोन बंद केला. भांडायला आलेली बाई समोरची जागा रिकामी बघून जशी उभी राहते, तशी ती शेवग्याखाली उभी राहिली. मग चांदी हंबरली. आणि हंबरणं अर्ध्यात थांबलं.

म्हशीचं हंबरणं असं मधेच थांबतं ते एकाच गोष्टीनं. तोंडापुढं खाणं आल्यावर.

तानूबाई पळाली. टाक्यांची जागा धरून पळाली. गोठ्यात बाळासो बाह्या सरसावून उभा होता, हात कोपरापर्यंत भुशानं माखलेले, आंबोणाचा डबा रिकामा, आणि चांदीचं तोंड कानापर्यंत पाटीत. किल्ली शोधून झाली, सापडली नाही, धारेची वेळ झाली, आई दिसत नाही, म्हणून पोरानं न सांगता, न विचारता आंबोण कालवून म्हशीपुढं ठेवलं होतं. राजारामपुरीच्या घरात जे काम समोर दिसेल ते करायचं. तसं.

"सर, सर तिकडं!"

गेल्या साली वरच्या आळीतली एक म्हस तारेचा तुकडा गिळून मेली होती. तानूबाईनं चांदीच्या नाकाडावर दणका घातला, दोन्ही हात पाटीत घातले आणि लगदा चिवडायला लागली. म्हस बिथरून मागं सरली, खुंटा करकरला, पाटी कलंडली. तिनं शेणात गुडघे टेकून भुसा पसरला. काळ्या दोरीचं टोक हाताला लागलं. ओढलं. दोरीला भुसा, पेंड, म्हशीची लाळ, आणि खाली किल्ली.

मागं बाळासो उभा.

तिनं वर बघितलं. खोटं बोलून भागणार नव्हतं. डब्यात किल्ली आपल्या पायानं चालत जात नसते, एवढं आता त्याला कळत होतं.

"तू ठेवलीस?"

"व्हय."

त्यानं किल्लीकडं बोट केलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "दुसऱ्याची वस्तू इचारल्याबिगार घ्याची न्हाई."

"ह्येबी तिनंच शिकवलं व्हय?" तिच्या तोंडून गेलंच. सहा महिन्यांची सवय.

"न्हाई. तू. गुऱ्हाळातनं मी गूळ उचलून आनलता. तू मारलतंस हितं." त्यानं पोटरी दाखवली. "आनि माघारी द्याला लावलतंस."

तानूबाई तशीच गुडघ्यावर. त्या माराची तिला आठवणही नव्हती. त्याला होती. तिनं किल्ली पदराला पुसली. त्यानं ती घेतली, पण पुसलेली त्याला चालली नाही. हौदावर जाऊन चोळून धुतली आणि ओली दोरी गळ्यात घातली.

बाहेर मोटरसायकल वाजली. "जय भीम काकी," प्रसेनजीत दारातूनच म्हणाला, मग त्याची नजर तिच्या शेणानं भरलेल्या गुडघ्यांवर गेली. बाळासोनं पिशवी उचलली. आई उठायला लागली तसा म्हणाला, "तू येऊ नको. धार ऱ्हायलीया."

"थांब की. चार भाकऱ्या तरी बांधून..."

"नगं. भात हाय."

"त्या उन्मेषला म्हनावं, पिठल्याखाली जाळ बारीक ठेव. करपवून घालतंय माझ्या पोराला."

"सांगतो," बाळासो म्हणाला आणि मागं बसला. उन्मेषचं नाव घेताना तिला तेच जुनं टोचलं. रूपाली नाही तर उन्मेष. टोचायचं ते टोचणारच. गाडी हमरस्त्याकडं वळली तोवर ती बघत राहिली. त्यानं मागं वळून बघितलं नाही, भातावर उशीर होत होता.

गोठ्यात चांदी अजून कान पाडून, डोळे वटारून उभी होती. तानूबाईनं पाटी सरळ केली, सांडलेलं आंबोण हातानं भरलं, पुन्हा एकदा चाचपून बघितलं आणि पुढं ठेवलं. मग चरवी घेऊन खाली बसली. कासेला पाणी मारलं. म्हशीनं पाय झाडला.

कुडावरून मोना डोकावली. "आत्या, काय गोंधळ झाला ओ? बाळासो गेला व्हय?"

"गेला. भात हाय त्येच्याकडं."

मोना जरा घुटमळली. "म्हस बिथारल्या दिसती. मी बघू का बसून?"

तानूबाईनं तिच्या हातांकडं बघितलं. तरणे, बांगड्यांनी भरलेले हात. ह्या हातांना चांदी उद्या पान्हावली तर?

"उद्या बस," ती म्हणाली. "बांगड्या काडून ये. आनि पैली लाथ बसली म्हनून पळायचं न्हाई."

मग तिनं डोकं म्हशीच्या कुशीला टेकवलं, सडाला हात घातला, आणि पान्ह्याची वाट बघत चोळत राहिली. थोड्या वेळानं पहिली धार चरवीच्या तळाला वाजली.